कार्मेलिनच्या आईचे शिंपले

सांतानचं वागणं कार्मेलिनला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. कोणी बोलावलं नसताना कामाला यायचं, आल्यावर कोणाला न विचारता हात घालायचा, आणि वर केलेल्या कामाचं कौतुक स्वतःच करायचं. साठी ओलांडलेल्या माणसाला एवढी घाई कसली?

तर झालं असं. चर्चच्या मागचं जुनं कबरस्तान घाणेरीच्या रानात बुडालं होतं. कार्मेलिनच्या नातीने, ग्लेनिशाने, गावातली पंधरा-वीस माणसं गोळा केली आणि दर रविवारी मिस्सा आटोपली की कोयते घेऊन साफसफाई सुरू केली. चर्चच्या कमिटीने अट घातली होती. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, फादर कबरींना आशीर्वाद द्यायला येतील. तोवर ज्या कबरीवर नाव नाही की खूण नाही, ती सपाट करून तिथून पायवाट काढायची.

कार्मेलिनच्या आईच्या कबरीवर नाव नव्हतंच. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची. दगड कोरून घ्यायची बापाची ऐपत नव्हती, म्हणून त्याने ओल्या चुन्यात शिंपले दाबले. कडेने तिसऱ्यांच्या छोट्या शिंपल्यांची ओळ, मध्ये कालवांच्या शिंपांची होडी आणि होडीत तीन कवड्या – आई, बाप आणि ती. शिंपले वेचले होते कार्मेलिननेच. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईला तेवढंच वाचता येत होतं, पण ते ती बावन्न वर्षं न अडखळता वाचत आली होती.

त्या रविवारी ती चहाची किटली घेऊन फाटकातून आत आली आणि बघते तर – एक अनोळखी, उंच माणूस तिच्या आईच्या कबरीवर वाकलेला. हातात लोखंडी खरवडणी. चुना लख्ख. शिंपला एक नाही.

तिने किटली हळूच खाली ठेवली. ती अशी हळू वागली की घरातली माणसं परसात पळत.

"कोण रे तू?"

"सांतान. रेडीचो. हंय भयणीकडे रवाक इलंय." तो छान हसला. "बघ बाय, कशी लखलखीत केलंय. बोटीच्या बुडाक चिकटता तसलोच कचरो होतो सगळो."

पंचवीस वर्षं हा माणूस जहाजावर होता. जहाज गोदीत वर काढलं की बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हेच त्याचं काम. शिंपला दिसला की त्याचा हात चालणारच.

कार्मेलिन त्याला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचे वाडवडील, त्याचं जहाज आणि अख्खं रेडी गाव तिने त्यात घेतलं. मग ग्लेनिशाने मध्ये पडून कबर कुणाची आणि शिंपले कसले ते सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला. शिंपल्यांची बादली त्याने मागच्या कचऱ्याच्या ढिगात ओतली होती, आणि त्यावर दहा जणांनी माती, मुळं, फुटकी कौलं टाकली होती.

सोमवारी ती तिकडे फिरकलीच नाही. मंगळवारी गेली, मेणबत्ती लावायचं निमित्त करून. सांतान ढिगाजवळ मांडी घालून वाळूच्या चाळणीने माती चाळत होता. शेजारी गोणपाटावर शिंपले धुऊन मांडलेले – तिसऱ्या वेगळ्या, कालवं वेगळी, आणि तीन कवड्या त्याच्या रुमालावर.

"शिंपले गावले, बाय," तो मान वर न करता म्हणाला. "पण खयचो खंय, ता तुकाच म्हायत."

"म्हणान तू वाचलंस," ती म्हणाली आणि पदर खोचून खाली बसली.

तो सिमेंट आणायला निघाला होता, तिने चुना आणायला लावला. गुळाचं पाणी किती घालायचं तेही तिनेच सांगितलं. जुन्या चुन्यात प्रत्येक शिंपल्याचा खळगा राहिला होता. ती शिंपला हातात फिरवून जागा दाखवायची आणि तो अंगठ्याने अलगद दाबायचा. चट्टे पडलेले, जाडजूड ते हात – आणि दाबणं मात्र असं, की जणू झोपलेल्या पोराला पांघरूण घालतोय. कार्मेलिन बघायची, आणि आपण बघतोय हे ध्यानात आलं की उगाच खेकसायची.

त्याची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, हे त्याने सांगितलं. मग तिच्या नवऱ्याची चौकशी केली. इतकी वर्षं त्याने कशी काढली तुझ्याबरोबर, असं विचारायची हिंमत केली.

"तीस वर्सां गप रवलो," ती म्हणाली. "बोलाक लागलो आणि मेलो."

सांतान इतका हसला की हातातली कवडी पडली. तीही हसली... थोडीशी. त्या आठवड्यात तिने चहात आलं घालायला सुरुवात केली. ग्लेनिशाने भुवया उंचावल्या, तर म्हणाली, घसा बसलाय.

शुक्रवारी दुपारी परतीच्या पावसाची सर आली. चुना ओला, ताडपत्री एकच. दोन टोकं त्याने धरली, दोन तिने. कबर कोरडी राहिली आणि ती दोघं नखशिखांत भिजली. ताडपत्रीपलीकडून तो तिच्याकडे बघत राहिला.

"बाय... ह्या काम सरला की माका हंय येवक निमित्त उरूचा नाय."

तिच्या नाकावरून पाणी निथळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. सर थांबल्यावरही तिने टोकं सोडली नाहीत.

हे सगळं बघून बाकीच्यांनी खरवडणं थांबवलं, शेवाळ पाण्याने सोडवलं. आणखी चार कबरींवर शिंपले निघाले – कुठे माड, कुठे चांदणी, कुठे मासा. त्या घरची माणसं आचऱ्यापासून धावत आली.

दोन नोव्हेंबरला झेंडूचे हार, मेणबत्त्या आणि अख्खा गाव. कमिटीचा लिओन यादी घेऊन आईच्या कबरीशी आला आणि नाव विचारलं. कार्मेलिनने बोट ठेवून तिसऱ्यांपासून कवड्यांपर्यंत, आईच्या नावासकट, सगळं खणखणीत वाचून दाखवलं. लिओनने निमूट नाव लिहिलं, मग शिंपल्यांच्या त्या चार कबरींचीही लिहिली, आणि पायवाट भिंतीच्या कडेने नेऊ म्हणाला. ग्लेनिशा आणि तिच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, कबरस्तान आहे हे विसरून.

फादर आले. पवित्र पाणी शिंपडताना कबरीशी फक्त घरची माणसं उभी राहतात, बाकीचे मागे वाटेवर. सांतान वाटेवर होता, सगळ्यांच्या पाठी, टोपी हातात धरून. कार्मेलिनने त्याला बघितलं. फादरांचा हात वर गेला होता.

"फादर, मातशे थांबा," ती म्हणाली. "सांतान, हंय ये."

गर्दीने वाट दिली. तो आला, शिक्षेला आल्यासारखा. सगळा गाव कान टवकारून उभा, आणि ती नेहमीच्याच चढ्या आवाजात बोलली:

"काम तू बिघडवलंस, तूच सुधारलंस. माणूस बरो आसंस. आता हंय रव, माझ्या बाजूक, आमच्या माणसांत. परत भायर उभो रवलंस तर बघ."