वाघाशेजारचं स्टूल

परतीच्या वाटेवर पेठला गाडी सोडली, बैलांना पाणी पाजलं, तरी सारजाने तोंड उघडलं नाही. हौशीरामने भाकरी पुढे केली... तिने पाठ फिरवली. बरोबरच केलं तिने! दुसऱ्या कुणी तर ती भाकरी त्याच्याच अंगावर फेकली असती.

नणंदेला पुण्याला सासरी पोचवायला दोघं गेली होती. परतण्याआधी अजायबघरं दाखवीन, असं हौशीरामने कबूल केलं होतं. एकाच आवारात तीन घरं – एकात चित्रं आणि मूर्ती, दुसऱ्यात पेंढा भरलेली जनावरं, तिसऱ्यात जुन्या ढाली-तलवारी. खरं तर सारजाला तलवारींचं काही पडलं नव्हतं. नांदायला येऊन वर्ष झालं, पण भरल्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन शब्द बोलायला मिळाले नव्हते. तिथे, परक्या गावात, ती मनसोक्त बोलणार होती.

आणि हा गडी आपल्या गावच्या, ओतूरच्या बाजारात चालतो तसाच ताडताड पुढे निघाला! चारचौघांत बायकोकडे वळून बघायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं. आधी जनावरांचंच घर लागलं; सारजा पेंढा भरलेल्या वाघापाशी जरा थांबली, मान वळवली, तर नवरा गायब.

पहारेकऱ्याने नवऱ्याचं नाव विचारलं, हाक मारतो म्हणाला. आता नाव कसं घेणार? आमच्या मामंजींचा थोरला मुलगा, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. त्याने कपाळाला हात लावला आणि तिला वाघाशेजारच्या स्टुलावर बसवलं. येणारे-जाणारे आधी वाघ बघायचे, मग तिला. दारं लावायची वेळ झाली तेव्हा कुठे नवरा धापा टाकत आला – उरलेली दोन्ही घरं डोळे भरून बघून!

"तीन घरं फिरलात," पेठच्या झाडाखाली बसल्या बसल्या ती एकदाची म्हणाली, "अन् एकदाबी मागं बघितलं न्हाई?"

"मला वाटलं, तू मागं हायेस."

"वाटलं..."

हौशीराम काडीने मातीत रेघोट्या ओढू लागला. "तुझ्याशीच बोलत व्हतो, सारजे. ही ढाल बघ... ह्यो मुकुट बघ... लई बोललो. सरतेशेवटी वळून बघतो, तर कुनीच न्हाई."

सारजाला हसू आलं. पण तिने ते दाबलं, कारण राग खरा होता आणि तो इतक्या स्वस्तात सोडायची तिची तयारी नव्हती.

"वाटंत ओझरला गणपतीच्या देवळात मी पुढं चालनार," ती म्हणाली. "तुमी मागं."

"तिथं आपली मानसं असत्यात."

"म्हनूनच."

त्याने भाकरीचा अर्धा तुकडा पुन्हा पुढे केला. या वेळी तिने घेतला.

ओझरला उतरून ती पुढे निघाली. मागे त्याच्या वहाणांची करकर ऐकू येत होती, आणि ती ऐकताना तिला उगाच लाजल्यासारखं होत होतं. देवळाच्या दारात चुलतसासरे सोमाजी उभे होते. करकर थांबली. आता हा लगबगीने पुढे येणार... सारजाच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं.

"पोरी, एकटीच? नवरा कुठाय?" सोमाजींनी विचारलं.

करकर पुन्हा सुरू झाली – आणि तिच्या पाठीमागेच येऊन थांबली.

सारजाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माझ्या मागं हायेत," ती म्हणाली. "हौशीराम."