एकसंध क्लॅरिनेटची राख

त्रिंबक मास्तरनं फडकं सोडलं आणि भुजंगच्या ओसरीवर राख सांडली.

"हे माझं क्लॅरिनेट," तो म्हणाला.

राजूरमध्ये चोरी झाली की लोक भुजंगकडे येत. तो निजामाच्या पोलिसात होता. अठ्ठेचाळीसनंतर आलेल्या नव्या साहेबाला तोंडावर खोटारडा म्हणाला आणि घरी बसला. शेजारी बसलेला कारभारी टांगा हाकायचा आणि भेटेल त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

"जालन्याहून बँड घेऊन आल्तो," मास्तर म्हणाला. "उत्तमचंदशेठच्या पोरीचं लग्न. सकाळी शेकोटीत हे घावलं. शेठनं गोदामाच्या ओट्यावर चढून सगळ्या वऱ्हाडाम्होरं माझ्या चेल्याला, बिरूला चोर म्हणलं, त्यानंच चोरून जाळलं म्हणं. माझ्यामागं हे वाद्य मी बिरूलाच देणार होतो. त्यानं जाळलं असंल, तर आजच बँडातून काढतो."

"असं काय होतं त्यात?"

"अंग एकाच लाकडाचं. बाकीच्यांचं मधी जोडलेलं असतंय. जोड ढिला झाला की हवा पळती, सूर फाटतो. याचा सूर कसा, भरल्या गळ्याचा. पण तडा गेला तर अर्धं बदलता येत न्हाई, सगळंच जातं. अन् मोडून आखूड पेटीत बसवता येत न्हाई. तोंडाखालच्या तुकड्याला दोन कड्या, भोंग्याला दोन, अंग निस्तं काळं. लई देखणं होतं."

कारभारी राख चाळत होता. "लाकूड बिलकुल गेलं. बोटांखालच्या किल्ल्या वाचल्या. अन् कड्या, हे बघ, पाच."

भुजंग उठला. "चला."

बँडवाले शेठच्या कापसाच्या गोदामात उतरले होते. दारातच उत्तमचंद भेटला.

"मेंढरं हाकणाऱ्याच्या हातात असली चीज द्यायचीच कशाला?"

"जाळताना पाहिलंत?"

"पाहायला कशाला पाहिजे? शेकोटी कोण सांभाळत होता?"

"म्हणजे पाहिलं नाही."

शेठ दारातून बाजूला झाला. पैशावाल्याला असा प्रश्न विचारायची गावाला सवय नव्हती.

बिरू विशीतला, डोळे लाल. "पहाटं ढोलाचं कातडं शेकत बसल्तो. पाणी आणाया हिरीवर गेलो, तवा क्लॅरिनेट खुंटीला होतं. आलो तर ते न्हाई, अन् शेकोटी भडकलेली. मास्तर, मी जाळीन व्हय?"

मास्तरनं मान फिरवली.

बँडातला दुसरा क्लॅरिनेटवाला मच्छिंद्र भिंतीशी गुडघे आवळून बसला होता. मार्गशीर्षातली सकाळ, अंगात पातळ सदरा, शेजारी करकचून बांधलेली वळकटी.

"तुझं वाद्य कुठंय?" भुजंगनं विचारलं.

"दुरुस्तीला टाकलंय औरंगाबादला. मधला जोड गळून राह्यलाय. या लग्नात झांजाच."

"अरे, दात वाजून राह्यले तुझे," कारभारी कळवळला. "वळकटी सोड, घे की पांघरून."

"मला सवय हाय थंडीची."

"असंल बाबा," म्हणत कारभारीनं त्याला बिडी दिली.

भुजंगनं सगळ्यांना शेकोटीभोवती बोलावलं.

"मास्तर, तुमच्या क्लॅरिनेटला कड्या किती?"

"दोन अन् दोन, चार."

"राखेत पाच आहेत. पाचवी कुठली?"

मास्तरनं बोटांवर कड्या मोजल्या. "मधल्या जोडाची! जोडाच्या क्लॅरिनेटला तिथं कडी लागती. हे माझं न्हाईच!"

"जोडाचं क्लॅरिनेट इथं आणखी कोणाचं?"

सगळे मच्छिंद्रकडे बघत होते.

"माझं औरंगाबादला..."

"तुझं या राखेत आहे. तुकडे करून पिशवीतून आणलंस. गळकं वाद्य जाळलंस म्हणजे मास्तरचं जळालं असं सगळे धरतील, आणि नाव शेकोटीवाल्याचं येईल. पण मास्तरचं न्यायचं कसं? दोन तुकडे होत असते तर पिशवीत गेलं असतं. जोड नाही म्हणून चोरलंस, आणि जोड नाही म्हणूनच लपवायला जागा मिळेना. तेवढी लांब वस्तू तुझ्याजवळ एकच. माणूस कुडकुडतो आणि पांघरूण सोडत नाही. कारभारी, सोड ती वळकटी."

गोधडीच्या घड्यांतून काळं लाकूड बाहेर आलं. मास्तरनं ते उजेडात फिरवून पाहिलं. तडा नव्हता.

"वीस वर्सं तुमच्या मागं फुंकलं," मच्छिंद्र ओरडला, "अन् देणार कालच्या पोराला!"

"माझ्याकडं मागितलं असतंस," मास्तर म्हणाला. "भांडला असतास. त्याच्या नावावर कशापायी घातलंस?"

त्यानं क्लॅरिनेट बिरूसमोर धरलं. "चुकलो रे."

"चल, जल्दी कर," उत्तमचंद मधेच म्हणाला. "नवरदेव घोड्यावर बसून राह्यला."

बिरूनं वाद्य घेतलं आणि तिथंच खाली बसला.

"शेठ, ज्या ओट्यावरून चोर म्हणलात, तिथूनच सांगा चोर कोण ते. मंग वाजवीन."

"मी? तुझ्यासाठी ओट्यावर चढू?"

ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला. तुतारीवाल्यानं तुतारी ठेवली. बाहेर घोडं खिंकाळत होतं, वरमाय हाका मारत होती.

उत्तमचंदनं मास्तरकडे पाहिलं, भुजंगकडे पाहिलं. मग पगडी सावरून तो ओट्याची पायरी चढला.

बिरूनं वाद्याच्या तोंडाशी बांधलेली वेताची रीड जिभेवर ओली केली. शेठचं शेवटचं वाक्य संपेपर्यंत त्यानं फुंकर मारली नाही.