एकाच ताटातलं विष

"माझ्या पोरीला तिची सासू विष घालते आहे," चुडामण नाना म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "परवा दुपारी हवालदार म्हातारीला धरायला येणार. पण त्याआधी ते कोणतं विष आहे ते शोधा, लीलाधर भाऊ. नाहीतर पोर जाते."

एक्क्याण्णव सालची संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. जळगावात थंडी अशी, की लीलाधर चौधरींनी खोलीची खिडकीही लावून घेतली होती. पंधरा वर्षं विमा कंपनीसाठी खरेखोटे मृत्यू तपासून लीलाधरांनी आता खासगी तपासाची स्वतःची पाटी लावली होती. समोरच्या स्टुलावर त्यांचे शाळासोबती अभिमन गुरुजी चहा पीत होते. भूगोल शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. नकाशा त्यांना झटकन कळे, माणूस मात्र कळत नसे, आणि हे ते स्वतःच कौतुकाने सांगत.

नानांनी हकिगत सांगितली. मुलगी कुंदा, वय चोवीस. चोपड्यापलीकडच्या केळीवाल्या गावात पितांबरला दिलेली. पाच वर्षांत तीन वेळा दिवस गेले, आणि तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट गेलं. संक्रांतीच्या रात्रीतून डावा पाय सुजला. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, तर ते काचेच्या नळीत गोठेचना.

"डॉक्टरांनी विचारलं, घरात उंदराचं औषध आहे का? आणि निघालं ना! सासूच्या धान्याच्या खोलीत, फोडलेली पुडी. त्या औषधाने रक्त पातळ होतं म्हणे. परवापासून ते रक्त गोठवायची औषधं सुरू करणार आहेत."

"गाव काय म्हणतं?"

नानांनी आवाज खाली आणला. "म्हणतात, सासूने करणी केली. पोट गेलं की कुंदाच्या तोंडावर वटवाघूळ बसतं. पायावर जाळं चढतं. मी पाहिलंय ते, भाऊ. या डोळ्यांनी पाहिलंय."

अभिमन गुरुजींना चहाचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने दोघं चोपड्याला उतरले. केळीच्या बागांवर धुकं बसलं होतं आणि आत कुठेतरी वाळलेली पानं घासत होती, जशी कुणी बाई लुगडं आवरत चालावी. अभिमन गुरुजी मुकाट्याने लीलाधरांच्या जवळ जवळ चालू लागले.

दवाखान्यातली शेवटची खोली कुंदाची. शेजारच्या खाटा लोकांनी ओढून लांब नेल्या होत्या. कुंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मान वळवली, आणि गुरुजी दारातच थांबले. नाकाच्या दांडीवरून दोन्ही गालांवर लालभडक डाग पसरला होता. वटवाघळाने पंख उघडावेत, अगदी तस्सा.

"भिऊ नका, गुरुजी," ती क्षीण हसली. "चावत नाही ते."

लीलाधरांनी खुर्ची ओढली. "हे केव्हा वाढतं, बाई?"

"उन्हात. कापूस वेचायला गेलं की दुसऱ्या दिवशी आरसा बघवत नाही."

"सांधे?"

"सकाळी मूठ वळत नाही. सासूबाई भाकरी मोडून देतात."

लीलाधरांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. हिरव्या नव्या बांगड्या, आणि खाली एक सुकलेली खपली. "हे काय झालं?"

"संक्रांतीला बांगड्या भरताना एक फुटली."

"फार रक्त गेलं?"

"कुठलं! पदराने दाबलं, लगेच थांबलं."

"हिरड्यांतून, नाकातून कधी?"

"नाही."

लीलाधरांनी परवानगी विचारून पायावरचं पांघरूण घोट्यापर्यंत सारलं. डावा पाय उजव्याच्या दीडपट सुजला होता. दोन्ही पायांवर जांभळी जाळी उमटली होती, कोळ्याने विणल्यासारखी, चामडीच्या आतून. गुरुजी "राम राम राम" पुटपुटले.

"नर्सबाई, गरम पाण्याची पिशवी द्या जरा." लीलाधरांनी ती उजव्या पायाजवळ ठेवली. पाच-सहा मिनिटं गेली. मग गुरुजींच्या डोळ्यांदेखत जाळीचा एकेक धागा विरू लागला आणि चामडी स्वच्छ झाली. डाव्या पायावर जाळं तसंच होतं.

"अरे, हे काय रे लीलाधर?" गुरुजींच्या अंगावर काटा आला.

"भूत शेकाला घाबरतं का रे? चल, गावात जाऊ."

गावात त्या घराच्या ओट्याजवळून कुणी जात नव्हतं. भिकुबाई, कुंदाची सासू, चुलीपाशी बसली होती. नानांनी तिला दवाखान्यात पाऊल टाकायची बंदी केली होती. साठीची, काटक बाई. प्रश्न विचारण्याआधीच ती कडाडली.

"मी काई करं नही! ती मन्ही आंडेर शे, मन्ही पोरगी. आपली आंडेरले कोन मारस?"

"उंदराची पुडी तुम्हीच आणलीत ना, अक्का?"

"मीच लयनू. केळीना बागमा उंदीर, घरमा उंदीर. पीठमा टाकीसन ठेवस. चार दिनमा मरतस, नाकमाईन रगत निंघस."

"आणि स्वयंपाकघरात तुम्ही कुणाला येऊ देत नाही म्हणे?"

म्हातारीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग हळू आवाजात म्हणाली, "दुसरं पोट गयं तव्हयपासून मले वाटे, कोनी तरी तिले काई घालस. म्हनीसन मीच रांधस. ती एकली जेवस नही. मी संगे बसस तव्हय दोन घास खास. एकच ताट. चहानी बशीबी एकच."

"संक्रांतीलाही?"

"संक्रांतलेबी."

गुरुजी मनात म्हणाले, बाई पक्की आहे, सारवासारव करते आहे.

पितांबर, कुंदाचा नवरा, मधल्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर बसला होता. उठायला सांगितलं तरी उठेना. धान्याच्या खोलीला साधी कडीही नव्हती, आणि या पेटीला नवंकोरं कुलूप.

"दुसऱ्या लग्नाचं कुठवर आलंय?" लीलाधरांनी अंदाजाने खडा टाकला.

पितांबरचा चेहरा पांढरा पडला. तो पेटीवरून उठला आणि त्याने कुलूप काढलं. आत दोन कागद होते.

"गेल्या वर्षी दिवस गेले तेव्हा तिचं रक्त तपासलं होतं. गुप्तरोग निघाला." तो दातओठ खात बोलला. "हा माझा कागद, माझ्यात काही नाही. मग तिच्यात आला कुठून? इंजेक्शनं दिली. सहा महिन्यांनी पुन्हा तेच! मी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. अब्रू माझीच जाते ना, साहेब."

"तिला विचारलंत?"

"काय विचारू?"

खोलीतून बाहेर पडताच गुरुजी उसळले. "झालं! हाच खुनी. पुडी आईची, हात याचा."

"बरं," लीलाधर म्हणाले आणि पुन्हा चुलीकडे वळले. "अक्का, दवाखान्यात चला. मला तुमचं थोडं रक्त हवंय."

म्हातारीने कशाला म्हणून विचारलं नाही. पदर खोचला आणि निघाली.

नर्सने दोघींचं रक्त, वाटेत गोठू नये म्हणून, औषध घातलेल्या बाटल्यांत घेतलं. बाटल्या थर्मासात बर्फावर ठेवून लीलाधर आणि गुरुजी धुळ्याला गेले, डॉक्टर प्रमिलाबाईंच्या प्रयोगशाळेत. ज्या बायकांची पोटं पुन्हा पुन्हा जातात, त्यांच्या रक्ताचा अभ्यास प्रमिलाबाई तीन वर्षं करत होत्या. त्यांनी रक्तातलं पिवळं पाणी वेगळं केलं आणि कोमट पाण्यात तीन नळ्या मांडल्या. पहिलीत भिकुबाईचं, दुसरीत कुंदाचं, तिसरीत दोघींचं निम्मं निम्मं. तिन्हींत रक्त गोठवणारं एकच औषध टाकून त्यांनी घड्याळ हातात घेतलं.

भिकुबाईचं लगेच गोठलं. कुंदाचं नळी कलती केली तसं हेलकावत राहिलं. आणि तिसऱ्या नळीतलंही हेलकावत राहिलं.

गुरुजी दोन पावलं मागे सरले. चांगलं रक्त घातलं, तर तेही बिघडलं होतं. त्यांना केळीच्या बागेतली ती सळसळ आठवली. प्रमिलाबाई मात्र पिशवी भरू लागल्या. "सकाळी मीही येते," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाच्या खोलीत सगळे जमले. नाना खाटेशी, पितांबर दारात, भिकुबाई भिंतीला टेकून. बाहेर व्हरांड्यात हवालदार तंबाखू मळत होता. चोपड्याचे डॉक्टर औषध भरायला वळले, तसे लीलाधर म्हणाले, "डॉक्टर, ती सुई खाली ठेवा. तिने पोर मरेल."

डॉक्टरांनी सुई परत ताटलीत ठेवली.

"उंदराच्या औषधाने रक्तस्राव होतो. उंदरांच्या नाकातून रक्त येतं, हे अक्कांनीच सांगितलं. पण कुंदाबाईच्या मनगटाची जखम पदराने दाबली आणि थांबली. दुसऱ्याच दिवशी काढलेलं रक्त मात्र नळीत गोठलं नाही. पाय सुजलाय तो आत रक्ताची गुठळी अडकल्यामुळे. म्हणजे अंगात रक्त नको तितकं गोठतंय, आणि नळीत गोठत नाही. असलं विष जगात नाही."

"मग पुडी?" नाना गुरगुरले.

"सासू आणि सून एका ताटात जेवतात. ताटात विष असतं, तर अक्कांचंही रक्त बिघडलं असतं. ते ठणठणीत आहे. मग मी दोघींचं मिसळायला सांगितलं. अक्का, दही लागलं नाही तर काय करता?"

"वरतीन दुसरं इरजन टाकस."

"तरी नाही लागलं तर?"

"मंग दूधमाच काई पडेल ऱ्हास."

"ऐकलंत? विषाने रक्तातलं विरजण खाल्लं असतं, तर अक्कांच्या रक्ताने ते भरून निघालं असतं. तसं झालं नाही. कुंदाबाईच्या रक्तातच काहीतरी आहे, जे दुसऱ्याचं विरजणही चालू देत नाही."

प्रमिलाबाई पुढे आल्या. "आपल्या रक्तात राखणदार असतात, रोगाशी लढणारे. हिचे राखणदार घरच्यांवरच उलटलेत. उन्हाने उठणारा डाग, सकाळी आखडणारे सांधे, तो ल्युपस नावाचा आजार. थंडीत उमटणारी जाळी आणि गुठळ्या, ही त्याची जोडीदारीण. त्याच गुठळ्यांनी पोटात बाळाला पोसणारी वार बंद पडली आणि बाळं गेली. नळीत उलटं का होतं, ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही. शोध चालू आहे."

"आता पितांबर," लीलाधर शांतपणे म्हणाले, "पेटीतला कागद."

पितांबरने मान खाली घातली.

"गुप्तरोगाच्या त्या तपासणीत चरबीसारखा एक पदार्थ वापरतात. हिचे राखणदार त्यालाही चिकटतात. रोग नसताना कागदावर रोग दिसतो. म्हणून तुझा कागद स्वच्छ, म्हणून इंजेक्शनांनी फरक नाही. प्रमिलाबाईंनी काल पक्की तपासणी केली. तिच्यात काही नाही, आणि कधी नव्हतं. गेल्या वर्षी तू तो कागद कुणा जाणत्याला दाखवला असतास, तर आज हा पाय सुजला नसता."

कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. या कागदाबद्दल ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. "वर्षभर?" ती म्हणाली. "वर्षभर तुम्ही हे मनात धरून माझ्याशी बोलत होतात?"

पितांबर रडू लागला. त्याची कीव कुणाला आली नाही, गुरुजींना तर मुळीच नाही.

प्रमिलाबाईंनी पिशवीतून एक बाटली काढली. "आजपासून रक्त पातळ करायचं. पाच दिवस इंजेक्शनं, आणि आजपासूनच ही गोळी. रोज, ठरल्या वेळी, एकच. चुकली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. दर आठवड्याला तपासणी. कोण देणार?"

सगळ्यांच्या नजरा भिकुबाईकडे गेल्या. तिने हात पुढे केला.

"अक्का," लीलाधर अडखळले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "ठाऊक असू द्या. तुमच्या पुडीत जे आहे, त्याच जातीचं हे औषध. तिथे ते मारतं, इथे मापात दिलं तर तारतं."

म्हातारीचा हात जागच्या जागी थांबला. तिने दाराकडे, हवालदाराच्या सावलीकडे पाहिलं. "नही," ती म्हणाली. "मी नही देवाव. उद्या काई झायं तर बठ्ठा गाव म्हनी..."

"माय," कुंदा म्हणाली. "तुम्हीच द्या. दुसऱ्याच्या हातचं मी घेणार नाही."

भिकुबाईने गोळी घेतली. तळहातावर क्षणभर पाहिली. आणि मग, कुणाला कळायच्या आत, ती दाताखाली धरून तोडू लागली.

"अहो, काय करता!" प्रमिलाबाई ओरडल्या.

"आर्धी मी खास, आर्धी तिले. आम्ही तसंच खातस."

नाना खाटेवरून उठले. दोन दिवसांपूर्वी याच बाईला बेड्या घालायला निघालेला माणूस. त्यांनी तिच्या चिमटीतली अजून न तुटलेली गोळी हळूच सोडवली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि परत तिच्याच तळहातावर ठेवली.

"अख्खी द्या, अक्का," ते म्हणाले. "अख्खी तिची आहे." आणि पाण्याचा पेला त्यांनी स्वतः धरला.