लवंगेचा वास

रविवारी सकाळी विद्याधर मनुकांच्या रसाची बाटली न्यायला मागच्या दाराशी गेला. बंगळुरातली त्यांची मराठी ख्रिस्ती मंडळी तशी मूठभर. प्रभुभोजनाला दुकानातली वाइन नको म्हणून मनुका उकळून रस काढायचा आणि तो मान पंचांच्या घराचा. पंच म्हणजे त्याचे अप्पा. बाटली पायरीवर होती, कोमट, फडक्याचा बोळा लावलेली. लवंगेचा वास येत होता. आई डोकं दुखतंय म्हणून खोलीत निजली होती. तिनंच ठेवली असणार. त्यानं ती पिशवीत घातली आणि सायकल हलसूरच्या ख्रिस्ती देवळाच्या रस्त्याला लावली.

लवंग घालायची ती कल्पनाक्का, त्याची थोरली बहीण. अप्पा रागवायचे, हे प्रभुभोजन आहे, फराळ नव्हे. ती घालायचीच.

याच दाराशी अक्का दोनदा आली होती, नवऱ्यानं, त्या पद्माकरनं, मारून बाहेर काढल्यावर. विद्याधर तेव्हा हुबळीला वसतिगृहात होता. दोन्ही वेळा अप्पांनी तिला दारातूनच परत पाठवलं. क्षमा कर, म्हणाले, त्याला आणखी एक संधी दे. क्षमा हा अप्पांचा आवडता सद्गुण. फक्त ती करायची दुसऱ्यानं. दुसऱ्या खेपेनंतर अक्का सासरच्या विहिरीत सापडली. आईनं रडत रडत सगळं सांगितलं आणि विद्याधरनं कॉलेज सोडलं. मंडळीत तो हे सांगत फिरला, तर म्हाताऱ्यांनी पोराचं डोकं फिरलं असं ठरवलं आणि चहाचे कप पुढे सरकवले.

आज दोन वर्षांनी पद्माकरला मंडळीत परत घ्यायचं होतं. विद्याधरचं मागणं एकच होतं, अप्पांनीही उभं राहून खरं सांगावं. सकाळी घरून निघताना त्यानं पुन्हा विचारलं होतं. अप्पा चष्मा पुसत राहिले.

"मेलेल्यांना कशाला उठवतोस? सरी, कळलं, आता पुरे."

देवळात पद्माकर सगळ्यांसमोर उभा राहिला. मी तिला मारलं, म्हणाला. अंधारात बाहेर काढलं. ती कुठं गेली तेसुद्धा पाहिलं नाही. पाळकसाहेब हळहळले, बिचारीला कुठंच आसरा मिळाला नसेल. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, या भावाला परत घ्यायला कोणाची हरकत आहे का? विद्याधरनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा फरशीकडे पाहत होते.

प्याला आधी पद्माकरला दिला. तो प्यायला. ओठ रसानं काळसर झाले आणि तो लहान पोरासारखा रडला. मग प्याला अप्पांकडे आला.

अप्पांचा हात ओठांपाशी अडला.

शेजारून विद्याधरनं वाकून पाहिलं. प्याल्यात पाणी होतं. हिरवट, थंड. शेवाळाचा, ओल्या दगडांचा वास येत होता. आणि वर एक लवंग तरंगत होती.

"अप्पा..." तो पुटपुटला, "सांगून टाका... अजून वेळ आहे..."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं, आता उठतील. मग त्यांनी मंडळीकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. अप्पांनी डोळे मिटले आणि ते प्यायले.

"गोड आहे," ते म्हणाले आणि प्याला त्याच्या हातात दिला. त्यांच्या मिशीतून पाणी निथळत होतं.

विद्याधरच्या हातातल्या प्याल्यात दाट, काळा रस होता. अजून कोमट.

घरी आई मागच्या दारात बसली होती. त्यानं रिकामी बाटली तिच्यापुढे ठेवली, रस छान झाला होता म्हणाला. तिनं बाटली हातात घेतली, हुंगली.

"मी कुठे केला रे? त्या पद्माकरसाठी मी चूल पेटवणार नव्हते. म्हणून तर निजून राहिले. मनुका डब्यात तशाच आहेत."

आत मोरीवर अप्पा चूळ भरत होते. थुंकत होते, पुन्हा भरत होते.

पायरीवर बाटलीच्या बुडाएवढा ओला गोल उमटला होता. ऊन त्याच्यावर आलं, दुपारभर राहिलं, सरकून गेलं. तो वाळला नाही.