ठोकळ्यात उरलेली गोळी

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्या घरात ती घडली, त्याच घराण्यात मी नांदते. आणि ज्या कोटाबद्दल पुढे सांगणार आहे, तो मी स्वतःच्या हातांनी चाचपला आहे.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरातलं आमचं स्टिलहाऊस खोरं. ठासणीच्या बंदुकीने हरणं मारायचा मोसम.

रात्र नव्हती... भरदिवसा घडलं.

माझी जाऊ रीथा गोळ्यांचे ठोकळे बनवते. अक्रोडाच्या नाहीतर चेरीच्या लाकडाचे, तळहाताएवढे. त्यांना आरपार भोकं पाडायची. प्रत्येक भोकात चरबी लावलेल्या चिंधीसकट शिशाची गोळी दाबून बसवायची. शिकारी तो ठोकळा गळ्यात अडकवतो, आणि एक बार झाला की नळीच्या तोंडावर धरून पुढची गोळी आत ढकलतो. रीथाच्या ठोकळ्यांवर ओकची पानं असतात, तितर असतात, वेली असतात. जत्रेत लोक ते हातात घेऊन नुसते कुरवाळत उभे राहतात.

हे काम तिला आमच्या सासऱ्यांनी शिकवलं. तिची लेक आयव्ही जन्मल्यापासून आम्ही सगळेच त्यांना पपॉ, म्हणजे आजोबा, म्हणतो. शिकवताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती.

ठोकळा रिकामा द्यायचा. गोळ्या ज्याच्या त्याने भरायच्या.

रीथाला वाटलं, चिंधी किती घट्ट हवी ते ज्याचं त्यालाच कळतं, म्हणून म्हणत असतील.

त्या मोसमात तिने नवऱ्यासाठी, हार्लनसाठी, ठोकळा केला. बदामाच्या आकाराचा, कडेने फुलं कोरलेला, पाच भोकांचा. आयव्ही आठ महिन्यांची होती, दात येत होते. तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता हार्लन अर्धा झाला होता. तेवढंच त्याचं एक काम कमी होईल, म्हणून रीथाने त्याच्या पिशवीतल्या होत्या नव्हत्या त्या गोळ्या काढल्या. आपल्याच उशीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाच्या चिंध्या कापल्या.

आणि पाचही भोकं भरून ठेवली.

"हे गळ्यात घालून गेलो तर हरणं हसून हसूनच मरतील," सकाळी निघताना हार्लन म्हणाला.

"बरंच झालं. बंदुकीची दारू वाचेल. घाल मुकाट्याने."

त्याने घातला. पण निरोप घेताना आयव्हीने दोरी धरून तोंडात घालायला घेतली. त्याने ठोकळा काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवला, लेकीची पापी घेतली, बंदूक उचलली आणि घरामागच्या कड्यावर चढून गेला.

ठोकळा खिळ्यालाच राहिला.

"बंदुकीत एक ठासलेली आहे ना त्याच्या?" पपॉ शेगडीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. "तेवढ्यात नाही जमलं तर येईल शेपूट घालून."

थोड्या वेळाने धुकं उतरलं. कडा दिसेनासा झाला.

आयव्ही कुरकुरत होती. कुरकुरता कुरकुरता... एकदम गप्प झाली.

मान वळवली. खिडकीबाहेर, कड्याच्या दिशेने बघायला लागली.

आणि मग बार ऐकू आला.

"घ्या! सुरीला धार लाव, पोरी," पपॉ खूश झाले.

रीथा हसतच उठली. खिळ्याजवळून जाताना तिची नजर गेली...

एक भोक रिकामं होतं.

तिने खाली पाहिलं. चटईखाली, बुटांच्या मागे, सगळीकडे पाहिलं. गोळी कुठेच नव्हती. ठोकळा उचलून नाकाशी नेला.

भोकातून जळलेल्या दारूचा वास येत होता.

मागे आयव्ही पुन्हा गप्प झाली...

दुसरा बार.

ठासणीची बंदूक इतक्या लवकर भरून होत नाही. दारू ओता, गोळी बसवा, गजाने ठासा, ठिणगी पाडणारी टोपी चढवा. हातासरशी होणारं कामच नव्हे ते. आणि हार्लनकडे दुसरी गोळी होतीच कुठे?

रीथाच्या हातातल्या ठोकळ्याला दोन भोकं रिकामी होती. दुसऱ्याची कड अजून गरम होती.

"पपॉ..."

म्हाताऱ्याने ठोकळा पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं.

"कोणी भरल्या?"

"मी. त्याला जरा मदत म्हणून..."

"सांगितलं होतं ना तुला!"

"का ते कुठे सांगितलं होतं?" रीथा रडकुंडीला आली. "आता काय करू? काढून टाकू?"

तिने अंगठ्याने गोळी ढकलून पाहिली. एरवी दाबलं की सुटते. ही जागची हलेना. सुरीचं टोक घातलं, खालून हातोडी मारली. लाकडाला चराही पडेना. तिने शेगडीचं झाकण उघडलं.

"जाळू नकोस!" पपॉ ओरडले. इतक्या मोठ्याने की ते स्वतःच खोकायला लागले. "माझ्या आईनेही असाच भरून दिलेला ठोकळा जाळला होता. आत राहिलेल्या सगळ्या एकदम सुटल्या."

"मग?"

"मग काय! मला माझा बाप आठवत नाही, पोरी."



"पण करायचं काय? काहीतरी करायचं असेल ना, पपॉ?"

"काही असतं तर आईने केलं नसतं का?"

रीथाने आयव्हीला शालीत गुंडाळलं आणि ओसरीवर धावली. हार्लनच्या नावाने हाका मारल्या. धुकं इतकं दाट होतं की तिची हाक कुंपणापर्यंतसुद्धा गेली नसेल. कड्यावर फोन लागत नाही. पोरीला घेऊन चढावं तर वाट दिसत नव्हती. पोरीला पपॉंजवळ सोडावं तर त्यांना खुर्चीतून धड उठता येत नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. पोर रडत होती.

"रड गं बाई," रीथा तिच्या कानात म्हणाली. "रडत राहा. थांबू नकोस, माझं सोनं..."

मला हे सांगताना ती इथे थांबली होती. म्हणाली, मी माझ्या लेकराला चिमटा काढला गं. रडावं म्हणून.

तरी आयव्ही गप्प झाली...

तिसरा बार.

आणि तिने श्वास घ्यायच्या आत पुन्हा... चौथा.

हातातल्या ठोकळ्यात एकच गोळी उरली होती.

रीथा आत आली, जमिनीवर बसली. पोरीला मांडीत घेतलं. दोन्ही अंगठ्यांनी भोकाची दोन्ही तोंडं दाबून धरली. अंगठे पांढरे पडले. पपॉ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. शेगडीतलं लाकूड विझत आलं, तरी कुणी उठलं नाही.

आयव्ही हुंदके देत होती. मग हुंदके थांबले...

तिने मान वळवली. या वेळी खिडकीकडे नाही.

दाराकडे.

दार उघडलं.

"अरे, शेगडी विझवून बसलात की काय सगळे?" हार्लन आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बंदूक. "मला उपाशी मारायचा बेत दिसतोय."



"काही मिळालं?" पपॉंनी विचारलं.

"कसलं मिळतंय? धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. ठासलेली तशीच परत आणली."

"आणि ते बार कोणाचे होते?"

"कुठले बार?" हार्लनने बंदूक भिंतीला टेकवली. "आज एकसुद्धा ऐकला नाही मी. पाखरूही बोललं नाही वर."

त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

कोटाच्या पाठीत भोकं होती...

चार. गोल. काठ करपलेले.

एका भोकाच्या काठाला निळा धागा चिकटला होता.

रीथा उठली. मागून त्याला मिठी मारल्यासारखं करून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. सदरा धड होता. आतलं अंग धड होतं.

"काय गं? पिसवा शोधतेस?" तो हसला. "आधी खायला दे काहीतरी."

तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, कोट काट्यात अडकला असेल, फाटला असेल. काट्याने कापड करपतं का, असं तिने विचारलं. त्याने खांदे उडवले. आणि पुढल्या मोसमात पुन्हा कड्यावर गेला. तिने पाय धरले, तरी गेला. परतही आला.

उरलेली गोळी अजून भोकातच आहे. ती निघत नाही. जाळता येत नाही. पुरावी, तर नजरेआड ती कधी सुटेल, या भीतीने रीथाचा हात धजत नाही. पपॉंना विचारलं की ते तोंड फिरवतात.

गेल्या रविवारी आम्ही सगळे रीथाकडे जेवायला होतो. बीन्स, मक्याचा ब्रेड, हसणं-खिदळणं. माझा लहानगा आयव्हीच्या ताटात हात घालत होता आणि ती त्याच्यावर ओरडत होती. आता चुरुचुरु बोलते ती.

ओरडता ओरडता... गप्प झाली.

मान वळवून बापाकडे बघायला लागली.

पपॉंचा चमचा हातातच राहिला.

"काय गं चिमणे?" हार्लन म्हणाला. "बापाच्या तोंडाला काय लागलंय?"

आयव्ही तशीच बघत राहिली. पापणीही हलवली नाही.

रीथा सावकाश उठली. त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, आणि आपले दोन्ही तळवे तिने त्याच्या पाठीवर पसरून ठेवले.

त्याचं जेवण होईपर्यंत ते तिने काढले नाहीत.