तीन नगांचा पाहुणा

कल्पिताला तो पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. सांताक्रूझच्या टर्मिनलबाहेर 'निहार वैरागडे' अशी पाटी धरून ती अर्धा तास उभी होती, आणि हा पठ्ठ्या ट्रॉलीवर तीन भल्याथोरल्या बॅगा रचून भलत्याच दिशेला निघाला होता.

"सर! ओ वैरागडे सर! इकडे!"

तो वळला. ट्रॉली वळली नाही. सगळ्यात वरची बॅग घसरली ती थेट कल्पिताच्या पायावर.

"अरे देवा… लागलं का हो?"

"नाही सर. मुंबईत स्वागत आहे," कल्पिता हसून म्हणाली. अंगठा असा ठणकत होता की दुसऱ्या कुणाचं स्वागत करावं लागलं असतं तर रडूच आलं असतं. पण समोरचे डोळे इतके कावरेबावरे झाले होते की तिला उलट त्याचीच कीव आली.

कल्पिता वर्सोवा कोळीवाड्यातली. आई सोनूबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, आणि लेक सात बंगल्याजवळच्या एका हॉटेलात नोकरीला होती. विमानतळावर पाहुण्यांना उतरवून घ्यायचं, गाडीत बसवायचं, एवढंच तिचं काम. त्यातही हॉटेलचा एक नियम होता. सामानाचे एक किंवा दोन नग असले तर पाहुण्याला एकटा ड्रायव्हर आणील; तीन किंवा जास्त असले तर कल्पितानं गाडीतून सोबत यायचं आणि हॉटेलच्या दारात नग मोजून द्यायचे. कधीतरी एकाची बॅग दुसऱ्याच्या खोलीत गेली होती आणि मोठा तमाशा झाला होता, तेव्हापासून हे आलं. दुसरा नियम त्याहून कडक. पाहुण्यांशी काम सोडून संबंध ठेवायचा नाही. नंबर नाही, चहा नाही, काही नाही. मोडला तर घरी.

तर त्या दिवशी तीन नग होते, म्हणून कल्पिता पुढच्या सीटवर बसली. गाडी चालवायला महादूकाका. पार्ल्याच्या पुलावर गाडी अडकली तशी मागून आवाज आला,

"हा वास कसला?"

"समुद्राचा, सर."

"इतक्या लांबून येतो?"

"आम्हाला तर झोपेतही येतो," कल्पिता म्हणाली, आणि मग उगाचच हसली.

निहार नागपूरचा. अंधेरीच्या एका इस्पितळात नवी संगणक यंत्रणा बसवायचं काम त्याच्याकडे होतं. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी यायचं, शनिवारी परत. पहिल्या खेपेला यंत्रांच्या पेट्या होत्या. दुसऱ्या खेपेला मात्र तो एकच बॅग घेऊन आला. कल्पितानं दार उघडलं, तो आत बसला, तिनं दार लावलं.

"तुम्ही नाही येत?"

"एकच नग आहे ना सर. महादूकाका नेतील. शुभ दिवस!"

काचेतून तिला त्याचा चेहरा दिसला. जत्रेत पाळणा सुरू व्हायच्या आतच खाली उतरवलेल्या पोरासारखा. कल्पिताला त्या दिवशी काम नीट सुचलं नाही, पण तिनं ते उन्हावर ढकललं.

तिसऱ्या खेपेपासून मात्र बॅगा पुन्हा तीन. एक काळी, एक निळी आणि एक नवी कोरी मरून रंगाची. कल्पिता हात लावायला गेली की तो आडवा यायचा. "राहू द्या, फार जड आहे." महादूकाका तर त्या उचलताना "आई गं…" म्हणून असे कण्हायचे की जणू आत पाटे-वरवंटे भरलेत.

आणि मग चाळीस-पन्नास मिनिटांची ती वाट. ट्रॅफिक असलं तर तासभर. मुंबईत ट्रॅफिक लागावं म्हणून देवाला साकडं घालणारी कल्पिता बहुधा एकटीच असेल.

"आज कोणता मासा?" तो विचारायचा. दर खेपेला तिनं एक मासा शिकवायचा, असं कधी ठरलं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"आज करली. चवीला झकास, पण काटेच काटे."

"मग खायची कशी?"

"सावकाश. घाई करणाऱ्याचं काम नाही ते."

"मला कुठं घाई आहे?" तो म्हणाला. आरशात दोघांची नजर भिडली. महादूकाकांनी विनाकारण हॉर्न वाजवला.

सगळं असं गोड चाललेलं असताना जानेवारीत माशी शिंकली. जुहूच्या सिग्नलला निहार खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कल्पिता, मुंबईत संसार थाटायचा तर घर कुठं घ्यावं?"

 संसार! म्हणजे बॅगांचं कोडं सुटलं की. दर खेपेला माणूस भरून आणतो काय? भांडी, पडदे, चादरी. कोळीवाड्यात नाही का, नव्या जोडप्याचं घर लागायचं तर पोरगा असाच थोडं थोडं सामान नेऊन टाकतो. कुणीतरी आहे इथं त्याची. असणारच. नसायला काय झालं?

"मुलुंड," ती कोरडेपणानं म्हणाली. "हवा चांगली आहे."

"वर्सोव्यापासून लांब पडेल ना?"

"वर्सोव्याला तुमचं काय काम? नाहीतर बोरिवली बघा. मोठमोठी घरं."

 त्या दिवशी माशाचं नाव कुणी काढलं नाही. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "काय गं, तोंड का असं?" तर "डोकं दुखतंय" म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडली. दुखत होतं ते डोकं नव्हतं. पण जो आपला कधी नव्हताच, त्याच्यासाठी रडायचं तरी कोणत्या तोंडानं?

मार्चमधला तो गुरुवार निहारची शेवटची खेप होती. इस्पितळाचं काम संपलं होतं. तरीही बॅगा तीनच. गाडी सुरू झाली तसा तो म्हणाला, "ऑफिसनं विचारलंय. मुंबईत कायमची जागा रिकामी आहे. नाहीतर परत नागपूर. आज दुपारी एकपर्यंत कळवायचंय."

"अच्छा."

"काय करू?"

कल्पितानं समोरच्या रिक्षाचा नंबर दोनदा वाचला. नागपूरला गेला तर पुन्हा दिसणार नाही. इथं राहिला तर त्या दुसरीबरोबर दिसेल, कुठल्यातरी मॉलमध्ये, हातात हात घालून. यातलं कमी दुखणारं कोणतं, एवढंच तिनं निवडलं.

"नागपूरला जा सर. आपल्या माणसांत. मुंबई सगळ्यांना मानवत नाही."

"नक्की?"

"नक्की."

महादूकाकांनी कपाळाला हात लावला, पण कल्पिता तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. डोळे भरले होते, ते कुणाला दाखवायचे नव्हते.

हॉटेलच्या दारात लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं. सामान उचलणारे सगळे तिकडे गुंतलेले. एकदाचं संपू दे हे, म्हणून कल्पितानं डिकी उघडली आणि "थांबा थांबा" म्हणत निहार धावायच्या आत मरून बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून सगळी ताकद लावून वर खेचली.

बॅग पिसासारखी वर उडाली. कल्पिता मागच्या मागे पायरीवर बसली, बॅग मांडीवर.

"हळू, मॅडम!" सामान तपासायच्या यंत्राशी बसलेला सुरक्षारक्षक दशरथ ओरडला. "ती रिकामीच असते."

"असते म्हणजे?"

"म्हणजे… निळीपण." दशरथनं जीभ चावली, पण आता सुटलेली गोष्ट थोडीच परत येते. "चार महिने यंत्रात बघतोय ना मी. पहिल्या वेळी तर साहेबांना धरलंच होतं. रिकाम्या बॅगा कशाला फिरवता म्हणून. तेव्हा त्यांनी सांगितलं. आणि तुम्हाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली."

कल्पितानं निहारकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"एक बॅग असली की तुम्ही दार लावून परत जाता," तो हळूच म्हणाला. "महादूकाकांना विचारलं काहून, तर ते म्हणाले, तीन आण, मग येते."

"अन् तो संसार?"

"तुम्हालाच विचारत होतो. तुम्ही मुलुंड सांगितलं…"

कल्पिताला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. पदराऐवजी गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यानंच डोळे पुसले. मग उठली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. तिनं मरून बॅग उचलली, निळी उचलली, आणि हॉटेलात न जाता तरातरा फाटकाबाहेर निघाली. काळी बॅग ओढत निहार मागे.

"कुठं? माझं बुकिंग…"

"रद्द कर. पाहुण्यांशी संबंध ठेवायची आम्हाला बंदी आहे. नोकरी जाते. तू या हॉटेलात उतरणार नाहीस. आज नाही, पुढं कधीच नाही."

"मग राहू कुठं?"

"अंधेरीत हॉटेलांची काय कमी आहे रे? आधी फोन लाव. नागपूरला."

"काय सांगू?"

कल्पितानं दोन्ही बॅगा खाली ठेवल्या. पाच महिने "सर, सर" म्हणून जे गिळलं होतं ते असं भर रस्त्यात काढायचं म्हणजे… रिक्षा जात होत्या, वऱ्हाडातली एक काकू टक लावून बघत होती. बघू दे.

"राहतो म्हणून सांग," ती म्हणाली. "माझ्यासाठी राहा."

त्यानं तिथंच फूटपाथवर उभं राहून फोन लावला. बोलताना एकदाही तिच्यावरून नजर काढली नाही. "हो सर, मुंबई… हो, नक्की… कारण? कारण आहे सर." फोन खिशात ठेवून त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला. पहिल्यांदाच.

"माझी ड्युटी तीनला सुटते," ती म्हणाली. "तोवर समोरच्या उडप्याकडे बस. चहा घे, पण जेवू नकोस. आई दोनला बाजारातून येते. तिला फोन करून सांगते, एक माणूस जास्त आहे जेवायला."

"त्या विचारतील ना, कोण माणूस?"

"विचारेलच. एवढी भोळी नाही ती."

"मग काय सांगशील?"

कल्पितानं त्याचा हात सोडला, दोन पावलं फाटकाकडे गेली, आणि तिथून वळून सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा कोळणीच्या आवाजात म्हणाली,

"माझा!"