आखूड पायांचा बैल

नीतूचा तिसरा बैलही बसला… चारही पाय एकदम वाकले आणि तो केकवरच्या हिरव्या गवतात असा पसरला, जणू दिवसभर चिखलणी करून आला होता.

दाराशी सुपात तांदूळ निवडत बसलेल्या सुभद्राबाईंना चूक तिथूनच दिसत होती. पण त्या बोलल्या नाहीत. कशा बोलतील? पोळ्यापासून चार महिने त्यांनी सुनेशी अबोला धरला होता, आणि तो तिच्या लक्षात राहावा म्हणून रोज बराच खटाटोप करावा लागत होता.

कारण बैलच होता. पोळ्याला साऱ्या आळीला मातीचे बैल सुभद्राबाई करून देत. यंदा विज्ञान शिकलेल्या सुनेने त्यातला एक हातात घेऊन अगदी सरळ मनाने म्हटलं होतं, "आई, पाय आखूड झाले. डुकरासारखा दिसतोय." त्याच क्षणी सुभद्राबाईंनी हात धुतले आणि शपथ घेतली, या जन्मी मातीला हात लावणार नाही… केवढा हा त्याग! पोळा वर्षातून एकदाच येत असल्यामुळे तो घरात कोणाला जाणवलाही नव्हता, हे दुःख वेगळंच.

केक गोंदियाच्या टीना मॅडमचा होता. नीतूला कॉलेजात शिकवलेल्या मॅडमच्या घरी नाताळाला नातवंडं जमली होती. त्यांना केकवर नाताळात मांडतात तसा गोठा हवा होता: बाळ, त्याचे आईबाप आणि बैल. सगळं फॉन्डंटचं, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याचं. मुलं खाणार, म्हणून पायांत काडी घालायची सोय नव्हती. नीतूचा हा पहिलाच मोठा केक. तो फसला तर हे काम कायमचं बंद, असं तिने सकाळीच जाहीर केलं होतं. चारची एसटी गाठायची होती, आणि दोन वाजले होते.

चौथा बैल बसला. नीतूचे डोळे भरून आले.

"अजी," सुभद्राबाई शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिले सांगा, रडून राहिली त काऊन? पानी पडलं त साखर इरघळते."

उमरावजींनी सुनेकडे मान वळवली. "रडू नको म्हणते."

"ऐकलं मी, बाबा. आईंना विचारा, माझं चुकतंय काय?"

"काय चुकते म्हणते."

"पायच चुकते, आनखी काय! फोटोतल्यावानी लांब पाय कराले गेली. अंग एवढं, पाय काडीवानी. उभा कसा राहील बापा?"

नीतूचा हात थांबला. वजन पेलायला पायाला जाडी लागते, हे ती बारावीतच शिकली होती… आणि घरातलं माणूस ते न शिकता तीस वर्षं करत होतं.

"आई," ती थेट म्हणाली, "पोळ्याला माझं चुकलं. तुमच्या बैलाचे पाय बरोबर होते."

सुभद्राबाईंनी चटकन मान वर केली. सूप मांडीवरून घसरलं. "पन मी त शपथ घेतली ना माय… मातीले हात नाही लावनार."

"ही माती नाही, आई. साखर आहे."

सुभद्राबाईंनी यावर नीट विचार करायचं ठरवलं. तो पूर्ण होण्याआधीच त्यांचे हात धुऊन झाले होते.

बैल उभा राहिला! बसका, जाड पायांचा, वशिंड ताठ. मग त्याच्या पाठीवर लाल झूल आली, शिंगांना पिवळा रंग आला, गळ्यात घुंगरांची माळ आली.

"आई, गोठ्यातला बैल इतका सजलेला नसतो," नीतू हळूच म्हणाली.

"सनाच्या दिवशी बैल उघडा ठेवतेत का?"

नीतूने केक खोक्यात ठेवला. तिचा नवरा पीयूष केक मांडीवर घेऊन चारच्या एसटीने गेला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. केक कापला, पण बैल तसाच आहे. धाकट्या नातीने त्याच्या गळ्यात दोरी बांधली आहे आणि ती कोणाला खाऊ देत नाही.

"सांग त्यांले," सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ओढू नका म्हनाव. पाय जाड हायेत, पन शेवटी साखरच होय."

उमरावजी सवयीने सुनेकडे वळले. "ओढू नका म्हणते…"

"तुमी चूप बसा," सुभद्राबाई म्हणाल्या, "आमी बोलून राहिलो ना."